टाका कोणी घालावा?

यंत्रमागावरून धोटा उडून कपाळाला लागला, चालत्या पट्ट्यात हात सापडला, किंवा गोदामात पत्र्याची धार तळहातावरून फिरली, तर त्या जखमेवर टाके कोणी घालायचे, हा प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचा वाटतो. डॉक्टरांनी घालायचे, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु भिवंडीसारख्या गावात रात्रपाळीच्या मध्यावर जखमी होणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे नाही. डॉक्टर कोठे आहे, तो दुसऱ्या रुग्णात गुंतला असेल तर किती वेळ थांबायचे, आणि समोर उभी असलेली नोंदणीकृत, शिकलेली, अनुभवी परिचारिका सुई हातात का घेऊ शकत नाही, हे प्रश्न त्यानंतर उभे राहतात. ते जितके वैद्यकीय आहेत तितकेच कायद्याचे, श्रमाच्या प्रतिष्ठेचे आणि अधिकारांच्या वाटपाचे आहेत. म्हणूनच त्यांची चर्चा केवळ वैद्यकीय परिषदांच्या सभागृहांत होऊन चालणार नाही. ती कामगार चळवळीतही झाली पाहिजे.

प्रथम भिवंडीचे वास्तव ध्यानात घेऊ. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडाचे उत्पादन अधिकाधिक प्रमाणात यंत्रमागांकडे वळले. भिवंडीच्या शांतीनगर, पद्मानगर, कामतघर, गायत्रीनगर या वस्त्यांतून मागांचा खडखडाट अहोरात्र ऐकू येऊ लागला. गिरणीत जे काही थोडे संरक्षण होते ते मात्र कापडाबरोबर येथे आले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपचार कक्ष आणि तेथे वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी असावेत असे बंधन घातले होते. यंत्रमागाचे कारखाने लहानलहान तुकड्यांत विभागलेले. एका छपराखाली चार मालकांचे माग, एकेका मालकाच्या हजेरीवर मोजकी माणसे, आणि अनेकदा ती हजेरीसुद्धा कागदावर नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला, बारा तासांची पाळी करणारा आणि भिशीत जेवणारा हा कामगार कर्मचारी विमा योजनेच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याच्या जखमेला कारखान्यात उपचार नाही, कागदावर नोंद नाही, आणि खाजगी दवाखान्याची पायरी चढण्याइतका पैसा खिशात नाही. शहराभोवती काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली या पट्ट्यांत गेल्या काही दशकांत गोदामांचे जे जाळे पसरले, तेथील हमालांची आणि टेम्पोचालकांची स्थिती याहून वेगळी नाही.

अशा शहरात सर्वसामान्यांचा मुख्य सरकारी आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. तेथे जे होण्यासारखे नाही त्यासाठी ठाणे, कळवा किंवा मुंबईची वाट धरावी लागते. तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र एवढाच आधार आहे. उपकेंद्रात बहुधा डॉक्टर नसतो; असते ती आरोग्यसेविका. जखम जितका वेळ उघडी राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रोजंदारीवरच्या माणसाचा हात चिघळला तर त्याची मजुरी बुडते, आणि मजुरी बुडली की गावी पाठवायचा पैसा थांबतो. टाक्यांच्या प्रश्नाची किंमत अशी थेट घरखर्चाच्या वहीत उतरते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने परिषद, नोंदणी, शिक्षणसंस्था आणि शिस्त यांची व्यवस्था लावली. परिचारिकेने कोणती कृती करावी व कोणती करू नये, याची यादी तो देत नाही. दुसऱ्या बाजूस १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम नोंदणी नसलेल्या व्यक्तीस वैद्यकीय व्यवसाय करण्यास मनाई करतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मग जखम शिवणे हा वैद्यकीय व्यवसाय आहे की परिचर्या आहे? याचे सरळ उत्तर यांपैकी कोणताही कायदा देत नाही. एक कायदा हात बांधतो आणि दुसरा ते सोडवत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आपल्या परिचारिकेची कायदेशीर अवस्था आहे.

या अवस्थेतील विसंगती प्रसूतिगृहात गेले की उघडी पडते. परिचारिका आणि प्रसाविका म्हणून ज्या मुलींची नोंदणी होते, त्यांच्या शिक्षणक्रमात प्रसूतीच्या वेळी द्यावा लागणारा छेद आणि त्यावर टाके घालणे यांचा प्रत्यक्ष अभ्यास समाविष्ट आहे. तो करून दाखवल्याशिवाय त्यांची प्रात्यक्षिकाची वही पुरी होत नाही. हे टाके सोपे असतात असे कोणी समजू नये. तेथे एकाखाली एक असे थर असतात, रक्तस्राव असतो, आणि शिवण चुकली तर त्या स्त्रीला पुढे वर्षानुवर्षे त्रास भोगावा लागतो. म्हणजे बाळंतिणीच्या देहावर टाके घालण्याइतकी ही स्त्री विश्वासार्ह आहे. परंतु मागवाल्याच्या दंडावर दोन इंच लांबीची, वरवरची, स्वच्छ जखम शिवण्यास मात्र ती अपात्र ठरते! या भेदाला शास्त्राचा आधार कोणता? प्रसूती हे परंपरेने स्त्रियांचे काम मानले गेले म्हणून तेथे सुई तिच्या हाती राहिली, आणि शस्त्रक्रिया हा दुसऱ्या वर्गाचा प्रांत मानला गेला म्हणून येथे ती काढून घेतली गेली, एवढाच त्याचा इतिहास आहे.

येथे कोणी म्हणेल की प्रत्यक्षात परिचारिका टाके घालतातच, मग वाद कशाला? खरे आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या अपघात विभागांत गर्दीच्या वेळी 'सिस्टर, तेवढे दोन टाके घाला' असे तोंडी सांगितले जाते, ही गोष्ट या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही नवी नाही. किंबहुना कित्येक ठिकाणी परिचारिकेऐवजी ड्रेसर किंवा वॉर्डबॉय हे काम उरकतो, अशा बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून वेळोवेळी येत असतात. आमचा आक्षेप नेमका या तोंडी व्यवस्थेवर आहे. रुग्णपत्रिकेवर नोंद डॉक्टरांच्या नावाने होते आणि टाका दुसऱ्याच्या हाताने पडतो. काम चांगले झाले तर त्याचे श्रेय परिचारिकेच्या सेवापुस्तकात कोठेही उमटत नाही. आणि काम बिघडले तर 'तुम्हाला हे करायला कोणी सांगितले होते?' हा पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. रुग्णालय चालवण्यासाठी हात तिचा वापरायचा आणि चौकशीच्या वेळी मानही तिचीच पुढे करायची, हा व्यवहार कोणत्याही कामगाराच्या बाबतीत आपण सहन केला नसता.

ही केवळ कल्पनेतील भीती नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये अविचाराने वा हयगयीने कोणाचा मृत्यू घडवल्यास सर्वांना सारखीच, दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. डॉक्टर, परिचारिका, मोटारचालक असा भेद त्यात नव्हता. नव्या संहितेच्या कलम १०६ ने ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. मात्र वैद्यकीय प्रक्रिया करीत असलेल्या नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीसाठी ती दोन वर्षांपर्यंतच मर्यादित ठेवली. नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी म्हणजे कोण, याचा खुलासाही त्या कलमाने केला आहे: वैद्यकीय आयोग अधिनियमाखालील अर्हता असलेली आणि वैद्यकांच्या नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. परिचारिका या व्याख्येत बसत नाही. एकाच मेजावर, एकाच रुग्णाच्या उपचारात, एकाच प्रकारची चूक घडली, तर डॉक्टरांस जास्तीत जास्त दोन वर्षे आणि त्यांच्या सांगण्यावरून सुई धरणाऱ्या परिचारिकेस जास्तीत जास्त पाच वर्षे. डॉक्टरांना सवलत मिळाली याबद्दल आमची तक्रार नाही. जीव वाचवण्यासाठी झटणाऱ्याला गुन्हेगाराप्रमाणे वागवू नये, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु तेच तत्त्व रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक वेळ उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याला का लागू नये?

यात न्यायालयीन निर्णयाचीही भर घातली पाहिजे. १९९६ साली मुंबईतील एका होमिओपॅथिक डॉक्टराने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, ज्या पद्धतीची अर्हता नाही त्या पद्धतीने उपचार करणे हीच मुळात हयगय होय. रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. पण त्याचा तर्क परिचारिकेपर्यंत ताणला गेला तर काय होईल? तिने किती काळजी घेतली, टाके किती नीट घातले, हे प्रश्नच गौण ठरतील, आणि 'हे तुमच्या कक्षेत होते काय?' एवढ्या एका प्रश्नावर तिचा निकाल लागेल. कक्षा लिहून ठेवलेली नसल्यामुळे होणारे नुकसान ते हेच. ज्याची हद्द आखलेली नाही अशा शेतात पाऊल टाकणाऱ्याला अतिक्रमणाचा आरोप कधीही चिकटू शकतो.

मग कक्षा आखणे शासनाला अशक्य आहे काय? मुळीच नाही. गेल्या काही वर्षांतच शासनाने इतरांसाठी ती कितीतरी वेळा विस्तारली आहे. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथिक व्यवसायींना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य आणि शालाक्य या शाखांच्या आयुर्वेद पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी अधिसूचित केली. तिच्या निषेधार्थ भारतीय वैद्यकीय संघटनेने ११ डिसेंबर २०२० रोजी संपही केला. २०१९ च्या वैद्यकीय आयोग अधिनियमात कलम ३२ खाली 'सामुदायिक आरोग्य सेवक' या नावाने मर्यादित परवान्याची तरतूद आली. हे निर्णय बरोबर की चूक, हा स्वतंत्र वाद आहे आणि त्यातील काहींविषयी आमच्या मनात गंभीर शंका आहेत. परंतु त्यांतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते: अधिकाराची सीमा ही निसर्गाने आखलेली रेषा नाही. ज्यांच्या संघटना प्रबळ आहेत, ज्यांची महाविद्यालये राजकीय वजन बाळगतात, त्यांच्यासाठी ती सरकते. परिचारिकांच्या बाबतीत मात्र शासन मौन पाळते, कारण त्या मौनात शासनाची सोय आहे. अधिकार लिहून दिला की प्रशिक्षण द्यावे लागते, भत्ता द्यावा लागतो, जबाबदारी उचलावी लागते. तोंडी हुकुमाला यांपैकी काहीच लागत नाही.

डॉक्टरांचा आक्षेप मात्र आपण हसण्यावारी नेता कामा नये. ते म्हणतात, टाका घालणे हा या कामाचा सोपा भाग आहे. जखम ओळखणे हा कठीण भाग आहे. हे म्हणणे पूर्णपणे खरे आहे, आणि भिवंडीच्या संदर्भात तर दुप्पट खरे आहे. मागवाल्याच्या जखमा पुष्कळदा बोटांवर आणि तळहातावर होतात. त्वचेवरची चीर लहान दिसते, पण खाली बोट वाकवणारी शीर तुटलेली असू शकते. संवेदना वाहून नेणारा तंतू कापला गेलेला असू शकतो. वरची त्वचा सुरेख शिवली आणि खालची तुटलेली शीर तशीच राहिली, तर आठवडाभराने जखम भरून येते आणि बोट कायमचे ताठ राहते. ज्याला तुटलेले सूत बोटांनी सांधायचे आहे, त्याची ही आयुष्याची हानी होय. मातीने किंवा तेलाने मळलेली, उशिरा आलेली जखम ताबडतोब बंद केली तर आत पू साठतो. कुत्र्याने चावा घेतलेली जखम तर शक्यतो लगेच शिवूच नये, ती भरपूर धुवावी आणि लस द्यावी, असे शास्त्र सांगते. तेव्हा टाका कसा घालावा यापेक्षा तो कधी घालू नये हे ज्ञान अधिक मोलाचे आहे.

परंतु या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष कोणता? परिचारिकेला सुई देऊ नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तिला सुईबरोबर ते ज्ञानही द्यावे, असा निघतो. प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून पाहा, कापसाच्या टोकाने स्पर्श कळतो की नाही ते तपासा, जखमेच्या तळाशी काय दिसते ते पाहा, आणि शंका आली तर बंद न करता स्वच्छ पट्टी बांधून वर पाठवा, हे शिकवण्यासाठी साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम लागत नाही. शिवाय ज्या नवख्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या हाती आज हे काम सोपवले जाते, तेसुद्धा पहिला टाका कोणाकडे तरी पाहूनच शिकतात. आणि अपघात विभागात त्यांना सुई कशी धरावी हे दाखवणारी व्यक्ती पुष्कळदा तेथील जुनी अधिपरिचारिकाच असते, हे त्यांच्यापैकी प्रामाणिक मंडळी मान्य करतील.

महाराष्ट्राला तर या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील, बहुतांशी दलित व गरीब घरांतील स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण देऊन दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांचा जंतुदोष ओळखून जंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकवले, आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणे हे त्याही वेळी धाडसाचे वाटत होते. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारनेच विशिष्ट परिस्थितीत आरोग्यसेविकांना हे औषध देण्याची लेखी मुभा दिली. त्याआधी २०१० च्या प्रसूतिविषयक मार्गदर्शक सूचनांनी, झटके येणाऱ्या मातेला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देण्याची परवानगी आरोग्यसेविकेला मिळालीच होती. म्हणजे लेखी अधिकार, ठरलेली परिस्थिती आणि पुढे पाठवण्याचा नियम, ही तिन्ही सूत्रे एकत्र आणण्याची पद्धत आपल्याच आरोग्यव्यवस्थेला अवगत आहे. ती अपघात विभागात का लागू होऊ नये?

जगाचा अनुभवही हेच सांगतो. १९७५ साली स्वतंत्र झालेल्या मोझांबिकमधून पोर्तुगीज डॉक्टर मोठ्या संख्येने निघून गेले. त्या देशाने हातावर हात ठेवून न बसता १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे पद्धतशीर शिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुढे पोट उघडून बाळंतपण करण्यापर्यंतची कामे त्यांनी ग्रामीण भागात सांभाळली. ब्रिटनमध्ये एकेकाळी परिचारिकेला प्रत्येक 'जादा' कामासाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागे. १९९२ साली तेथील परिचर्या परिषदेने ती पद्धत मोडून, परिचारिकेने आपल्या क्षमतेच्या मर्यादेत काम करावे आणि त्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, हे तत्त्व स्वीकारले. आज तेथील अपघात विभागांत परिचारिका जखमा तपासतात आणि शिवतात. त्यांत भारतात शिकून गेलेल्या परिचारिकाही आहेत. त्याच शिक्षणाला तिकडे अधिकार मिळतो आणि इकडे हुकूम मिळतो, असे असेल तर त्या देश सोडून का जातात, याचे नवल कशाला करायचे?

आता परिचारिकांच्या बाजूने येणारा आक्षेपही ऐकला पाहिजे. त्या म्हणतील, आमच्या डोक्यावरचे ओझे आधीच असह्य आहे, त्यात हे नवे काम कशाला? भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी. सरकारी वॉर्डात एकदा फेरी मारून आलेल्या कोणालाही हे प्रमाण कागदावरच राहिल्याचे सांगावे लागत नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिकांनी जो संप केला, त्यातील मुख्य विरोध बाहेरच्या कंत्राटदारांमार्फत होणाऱ्या भरतीला होता. त्यांची भीती निराधार नाही. शासनाच्या हाती एकदा 'परिचारिका टाके घालू शकतात' असा आदेश पडला, की डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्याची निकड संपली असे कोणीतरी अधिकारी टिपणीत लिहील. गरिबांसाठी परिचारिका आणि श्रीमंतांसाठी शल्यविशारद, अशी नवी वर्णव्यवस्था रुग्णालयात उभी राहील. हा धोका टाळावयाचा असेल तर अधिकाराची मागणी आणि पदभरतीची मागणी एकाच निवेदनात, एकाच आवाजात केली पाहिजे. एकीच्या बदल्यात दुसरी सोडून देण्याचा सौदा होता कामा नये.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या समाजाने रक्त, मल, पू यांना स्पर्श करणारे श्रम नेहमीच खालचे मानले. परिचर्येचा व्यवसाय दीर्घकाळ कुलीन घरांनी दूर ठेवला. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना या शिक्षणाकडे वळवण्यासाठी जे प्रयत्न केले, ते या पूर्वग्रहाशी झगडतच केले. आजही जखम धुणे, घाण पुसणे, पट्टी बदलणे, टाके काढणे ही कामे परिचारिकेची. आणि त्याच जखमेवर सुई चालवणे हे मात्र प्रतिष्ठेचे काम. एकाच जखमेच्या उपचाराची अशी उतरंड लावताना आपण कौशल्याचे माप घेतो की करणाऱ्याच्या दर्जाचे, याचा विचार डॉक्टरांच्या संघटनांनीही करावा. डॉक्टर आणि परिचारिका यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा आमचा हेतू नाही. सलग चोवीस तासांहून अधिक काम करणारा निवासी डॉक्टर हाही याच मोडक्या व्यवस्थेत भरडला जात आहे. साध्या जखमांचा भार वाटून घेतला गेला, तर गंभीर रुग्णाकडे पाहण्यास त्याला उसंत मिळेल.

तेव्हा मागणी नेमकी काय असावी? पहिली गोष्ट, राज्याने कक्षा लेखी स्वरूपात जाहीर करावी. ताज्या, स्वच्छ, वरवरच्या, हालचाल व संवेदना शाबूत असलेल्या जखमा प्रशिक्षित नोंदणीकृत परिचारिकेने शिवाव्यात. चेहरा, सांधे, खोल जखमा, चावे आणि शीर तुटल्याची शंका असलेले हात डॉक्टरांकडेच जावेत. दुसरी गोष्ट, प्रशिक्षण देखरेखीखाली, प्रत्यक्ष जखमांवर व्हावे, ठरावीक काळाने त्याची फेरतपासणी व्हावी आणि त्याची नोंद परिचर्या परिषदेकडे असावी. जागा बधिर करण्याचे औषध किती द्यावे, धनुर्वाताची लस केव्हा द्यावी, याविषयी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीची स्थायी सूचना प्रत्येक अपघात विभागात लावलेली असावी. तिसरी गोष्ट, जिने टाके घातले तिचेच नाव रुग्णपत्रिकेवर लिहिले जावे. चौथी, या कामासाठी भत्ता असावा, आणि प्रशिक्षण झालेले नसताना किंवा जखम कक्षेबाहेरची वाटत असताना नकार देण्याचा हक्क तिला असावा. तो वापरल्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ नये. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, न्याय संहितेच्या कलम १०६ मधील खुलासा दुरुस्त करून, आपल्या कक्षेत काम करणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेला डॉक्टरांइतकेच संरक्षण मिळावे. हे काम संसदेचे आहे, आणि आपल्या भागातील खासदाराला त्याविषयी विचारणे हे आपले आहे.

यासाठी काळ अनुकूल आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला. परिचर्येच्या शिक्षणाची आणि सेवेची मानके ठरवणे व राखणे हे त्या कायद्याचे घोषित उद्दिष्ट आहे. त्याखाली जे विनियम लिहिले जातील त्यांत कामाच्या कक्षेचा प्रश्न स्पष्टपणे सोडवला गेला नाही, तर आणखी काही दशके 'सिस्टर, तेवढे दोन टाके घाला' हाच देशाचा अलिखित कायदा राहील. विनियम लिहिणाऱ्यांच्या समित्यांत प्राध्यापक आणि प्रशासक असतील. अपघात विभागात रात्रपाळी करणाऱ्या अधिपरिचारिकेचा आवाजही तेथे पोहोचावा, यासाठी संघटनांनी आतापासून लिहिते व बोलते व्हावे.

भिवंडीतील आपल्या कार्यकर्त्यांकडे एक काम ताबडतोब हाती घेण्यासारखे आहे. मागांच्या वस्त्यांतून जखमी कामगारांची साधी नोंदवही ठेवावी: जखम केव्हा झाली, रुग्णालयात केव्हा पोहोचला, उपचार केव्हा मिळाला, पुढे कोठे पाठवले, किती दिवसांची मजुरी बुडाली. कोणाही डॉक्टराला वा परिचारिकेला दोषी ठरवण्यासाठी ही वही नाही; तिच्यात त्यांची नावे लिहूच नयेत. सहा महिन्यांची अशी वही घेऊन मागवाला कामगार आणि परिचारिका एकाच शिष्टमंडळातून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि पालिकेकडे गेले, तर 'आमच्याकडे अशी आकडेवारी नाही' हे नेहमीचे उत्तर त्यांना मिळणार नाही. कापड विणणाऱ्याचा हात आणि जखम शिवणारीचा हात यांचे हितसंबंध वेगळे नाहीत. दोघांच्याही कौशल्यावर दुसरे कोणी जगते आणि दोघांच्याही अपघाताची जबाबदारी कोणी घेत नाही. परिचारिकेला सुई लेखी अधिकाराने मिळावी, ही मागणी म्हणूनच कामगारांच्या मागणीपत्रात असली पाहिजे.